धूळ मोजायचं मशीन

गुरुवारी सकाळी सव्वाअकराला दशरथ गंगावणेच्या गच्चीवर धूळ मोजायचं मशीन चढलं.

चौघांनी ते शिडीवरून वर नेलं. छातीएवढी पत्र्याची पेटी, खाली मोटर, वर घरासारखं दोन बाजूंनी उतरतं छप्पर. लॅबकडून आलेल्या प्रीतमने हातमोजे घालून छप्पर उचललं, पाकिटातून एक पांढरा कागद काढला, जाळीवर ठेवला आणि चारी बाजूंनी आवळला. बटण दाबल्यावर मशीन घुमायला लागलं. शेजारच्या पत्र्यावर बसलेले दोन कावळे उडाले.

"चोवीस तास चालणार," तो म्हणाला. "मी आठ-आठ तासांनी येऊन कागद बदलीन. बटणाला कोणी हात लावायचा नाही. लाखाच्या वर किंमत आहे, मावशी, सांभाळा."

"सांभाळते की," दशरथची बायको प्रेमा म्हणाली.

कांदिवलीच्या पूर्वेला, हायवे सोडून आत गेलं की भीमटेकडी लागते. टेकडी नावापुरती राहिली आहे. वस्तीच्या बाजूने ती उभी कापली गेली आहे. वर चार झाडं, मधे काळा कातळ, खाली खड्डा. खड्ड्यात पोकलेनचा ब्रेकर सकाळी आठपासून कातळावर ठोकत असतो. फुटलेले धोंडे क्रशरमध्ये जातात आणि पलीकडून खडी, ग्रीट आणि भुकटी होऊन बाहेर पडतात. डंपर ते घेऊन हायवेला लागतात. टॉवरच्या स्लॅबला, रस्त्याच्या काँक्रीटला, सगळीकडे हीच टेकडी जाते. भुकटीतली सगळ्यात बारीक असते ती डंपरमध्ये बसत नाही. ती वस्तीवर येते.

शेवग्याच्या शेंगा राखाडी. वाळत घातलेले शाळेचे शर्ट राखाडी. टेकडीच्या पोटातून येणारा झरा खड्डा खोल गेल्यावर आटला, त्यामुळे धुवायलाही पाणी टँकरचं. पावसात वरून दगड सुटतात, म्हणून डोंगराकडच्या घरांतली माणसं जून लागला की पोरांना घेऊन नातेवाइकांकडे झोपायला जातात.

दशरथची मुलगी अक्षता बोरिवलीला एका तपासणी केंद्रात काउंटरवर बसते. वर्षभर तिने क्रशरविरुद्ध अर्ज केले. वस्तीतल्या लोकांच्या सह्या गोळा केल्या, प्रदूषण खात्याच्या साहेबांच्या केबिनबाहेर बाकड्यांवर बसली. शेवटी साहेब म्हणाले, धूळ आहे असं म्हणून चालत नाही, मोजून बघू. आकडा मर्यादेच्या वर गेला तर क्रशर बंद. खाली आला तर तक्रार निकाली.

मशीनला उघडी, सपाट गच्ची लागते. वस्तीत पक्क्या स्लॅबची घरं तीनच. एक विहार कमिटीचे अध्यक्ष दादू यांचं, दुसरं शेजारच्या मीरा परबचं, तिसरं दशरथचं. दशरथची गच्ची क्रशरच्या समोर येते म्हणून ती ठरली. दशरथने अठरा वर्षं त्याच क्रशरवर काढली होती. त्याच्या स्लॅबची खडीही तिथलीच, शेठ केयूरभाईंनी फुकट दिलेली. खोकला सुरू झाल्यावर शेठने त्याला घरी बसवलं. आता तो एका टॉवरवर रात्रीचा वॉचमन होता.

प्रेमाने त्या दिवशी कामावर सुटी घेतली होती. ती त्याच टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर झाडू-पोछा करते. तिथल्या मॅडम रोज खिडकीच्या कडेवर बोट फिरवतात आणि बोट तिच्यापुढे धरतात. "प्रेमा, कल किया था ना?" प्रेमा परत पुसते. धूळ कुठून येते ते तिला माहीत असतं. ती सांगत नाही. तिला तो आपल्याच घरचा केर वाटतो.

पाहुणा येणार म्हणून तिने पहाटे उठून गच्ची घासून काढली होती. तारेच्या ब्रशने, साबण लावून. अक्षता कामावर निघताना हसली.

"आई, ते धूळ मोजायला येतायत. तू घर दाखवायला काढलंस काय?"

"मोजू दे की. पण वर चिखल बघितला तर काय म्हणतील, ही माणसं अशीच राहतात."

"म्हणू दे ना. बरंच आहे."

"तुझं बरं आहे. तू बोरिवलीला जाऊन बसतेस."

दुपारी वारा फिरला. ब्रेकरच्या ठोक्यांनी भांडी वाजायला लागली आणि खड्ड्यातून ढग उठून वस्तीकडे सरकला. प्रेमाने नेहमीसारखं सगळं केलं. पाण्याच्या पिंपावर ताट, भातावर झाकण, टीव्हीवर रुमाल, दाराला ओली साडी. भीमटेकडीच्या बायका हे हातासरशी करतात, विचार करावा लागत नाही. मग ती वर गेली.

मशीनच्या छपरावर भुकटी बसायला लागली होती. ते नवंकोरं, चकचकीत होतं. आतला तो कागद तिला आठवला. एवढं पांढरं काही तिच्या घरात नव्हतं, वंदनेला नेसायची साडीसुद्धा नाही. संध्याकाळी तो मुलगा येईल, उघडून बघेल, म्हणेल, सांभाळा सांगितलं होतं ना. बटणाला तिने हात लावला नाही. डॉक्टर शर्टावरून छाती तपासतात तसं हे हवा तपासत असेल, वरून झाकल्याने आतलं काय बदलतंय, असं तिला वाटलं. तिने जुनी सुती साडी भिजवली, पिळली, दुहेरी केली आणि मशीनवर घातली. कडा खाली खोचल्या. मोटरचा आवाज जरा जड झाला. तेवढाच शेजाऱ्यांना त्रास कमी, असं वाटून ती खाली आली.

तासाभराने साडी राखाडी झाली. तिने ती बादलीत धुतली. पाणी सिमेंट कालवल्यासारखं झालं. बादली तिने मोरीत ओतली आणि साडी पुन्हा घातली. प्रीतमची वेळ झाली तशी तिने साडी काढून कोरड्या फडक्याने मशीन पुसलं. मळका कपडा पाहुण्याच्या नजरेला पडू नये एवढाच तिचा हिशेब.

"मावशी, काय ठेवलंय मशीन," प्रीतम कागद बदलताना म्हणाला. "आमच्या लॅबमध्ये पण एवढं पुसत नाहीत."

प्रेमा सुखावली. तिने त्याला पोहे दिले. तो रात्रीचा कागद बदलून गेल्यावर आणि पहाटेही तिने हेच केलं. दशरथ ड्युटीवर होता. अक्षता थकून झोपली होती. दुसऱ्या दिवशी मशीन टेम्पोत चढलं तेव्हा अक्षताने त्याच्यासोबत सेल्फी काढला.

तीन आठवड्यांनी आकडा आला. मर्यादेच्या पुष्कळ खाली.

वस्तीला तो क्रशरच्या सुपरवायझरकडून कळला. मिथुन चहाच्या टपरीवर आला, मोबाईलवरचा रिपोर्ट त्याने सगळ्यांना दाखवला आणि सगळ्यांचा चहा सांगितला. "हवा एकदम झकास आहे बोलतात. महाबळेश्वर. उगाच शेठला बदनाम करता, यार."

अक्षता रात्री घरी आली आणि चप्पल न काढता आतल्या खोलीत जाऊन बसली. दशरथने दोनदा विचारलं तेव्हा म्हणाली, "संपलं, पप्पा. तक्रार बंद केली त्यांनी."

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या रांगेत मीरा परब प्रेमाच्या मागे उभी होती. मीरा मालवणची, बोलायला लागली की रांग ऐकते.

"काय गो प्रेमा, तुमच्या गच्चीर धूळ पडणा नाय वाटता. मगे माझ्या भातात ती खयसून येता?"

"मला काय माहीत, मीराताई."

"तुका नाय, तुझ्या घोवाक माहीत आसतला. अठरा वर्षां शेठचा मीठ खाल्ल्यान."

रांगेतल्या बायका कळशांकडे बघत राहिल्या. कोणी हसलं नाही. हसल्या असत्या तर प्रेमाला उत्तर देता आलं असतं.

त्या आठवड्यात दशरथच्या जयभीमला लोक उशिरा उत्तर द्यायला लागले. मग मान हलवायला लागले. तो रात्रपाळी करून येताना टपरीवर थांबायचा, ते त्याने सोडलं. एकदा सकाळी प्रेमा दूध घेऊन येत होती. तो टपरीसमोरून खाली मान घालून चालला होता आणि गुणाजी रिक्षावाला बाकड्यावरून म्हणाला, "दशरथभाऊ, एक सांग रे. तो कागद धुवून वाळत घातलास की इस्त्री पण केलीस?"

बाकडं हसलं. दशरथही हसल्यासारखं करून पुढे गेला. त्याला खोकला आला तसा तो भिंतीला हात लावून वाकला. कोणी उठलं नाही.

संध्याकाळी अक्षता मेथी निवडत होती. प्रेमा समोर बसली.

"त्या कागदाचं काय असतं गं?"

"कुठल्या?"

"मशीनमधल्या. गुणाजी काहीतरी बोलत होता."

"त्यावरच तर असतं सगळं. मशीन हवा ओढतं, धूळ कागदावर बसते. आधी कागदाचं वजन करतात, नंतर करतात. जेवढा मळला तेवढी धूळ."

"मळायलाच पाहिजे तो?"

"मग काय."

प्रेमाने मेथीची जुडी उचलली आणि खाली ठेवली.

"आणि वरून झाकलं तर?"

अक्षताचे हात थांबले. "कशाने?"

"साडीने. ओल्या."

खड्ड्यात डंपर मागे येत होता, त्याचं टूं टूं चालू होतं. अक्षताने मेथी बाजूला सारली.

"किती वेळ, आई?"

"तो यायचा तेवढं सोडून."

अक्षता उठली. मोरीवर जाऊन तिने तोंड धुतलं. ओढणीने ते पुसत ती पुन्हा समोर आली, पण बसली नाही.

"तो आला तेव्हा का काढलीस मग?"

"मळली होती ना."

अक्षता तिच्याकडे बघत राहिली. ती ओरडली असती तर प्रेमाला बरं वाटलं असतं. तिने फक्त विचारलं, "मला फोन करून एकदा विचारलं पण नाहीस?"

"त्यात विचारण्यासारखं काय होतं? रोज झाकतो तसं झाकलं."

दशरथ उठून ड्युटीची तयारी करत होता. त्याने सगळं ऐकलं होतं. शर्टाची बटणं लावता लावता तो हसायला लागला आणि हसता हसता खोकू लागला. पाणी प्यायल्यावर म्हणाला, "कोणाला बोलू नका."

"असं कसं, पप्पा? पुन्हा मोजायला मागता येईल."

"काय म्हणून मागशील? आमच्या आईने साडी घातली म्हणून? आख्खी कांदिवली हसेल." तो प्रेमाकडे वळला. "माझं राहू दे. मी क्रशरवाला होतोच. लोक बोलतात ते जुनं आहे, मला सवय आहे. तुला पोरं रस्त्यात फडकी दाखवतील, ते चालेल?"

"आणि क्रशर?"

दशरथने टोपी घातली. "क्रशर काय आजचा आहे का," तो म्हणाला आणि गेला.

प्रेमा रात्री उशिरापर्यंत मोरीपाशी भांडी घासत बसली. मोरीत ओतलेल्या बादल्या तिला दिसत होत्या. वस्तीने वर्षभर मागितलेलं तिने स्वतःच्या हाताने धुऊन गटारात सोडलं होतं आणि वर पाहुण्याकडून शाबासकी घेतली होती.

रविवारी विहारात वंदनेनंतर सभा झाली. वस्तीत सभेला दुसरी जागा नाही, त्यामुळे मीरा परबसारखी कोकणातली घरंही येऊन बसली होती. विषय पाण्याच्या टँकरचा होता, पण चार वाक्यांत तो दशरथच्या गच्चीवर आला. दशरथ मागे खांबाला टेकून बसला होता. दादू म्हणाले, "आपण कोणावर आरोप करत नाही. पण पुढच्या वेळी विश्वासातल्या घरात मशीन ठेवू, एवढंच."

प्रेमा उभी राहिली. सभेत ती कधी बोलली नव्हती. पदर दोन्ही हातांत घट्ट धरून तिने सांगितलं. साडी कुठली, ती कशी भिजवली, किती वेळा धुतली, पाहुणा आला की कशी काढली. सांगताना ती बुद्धमूर्तीकडे नाही, खालच्या फरशीकडे बघत होती. त्या फरशीवरही भुकटी होती.

तिचं बोलून झालं. मागे दोन पोरी तोंडावर हात ठेवून फिसकन हसल्या. मग दादूंनी चष्मा काढला.

"वहिनी, बसा. नवऱ्यासाठी बाई एवढं करते, आम्हाला समजतं. पण हे बोलायची गरज नव्हती."

"खरं सांगतेय, दादूभाऊ."

"बसा, बसा."

"मला त्यातलं कळत नव्हतं. मला वाटलं मशीन घाण होईल."

"प्रेमा," मीरा हळू आवाजात म्हणाली. तिने पहिल्यांदाच टोमणा मारला नव्हता. "तू इतकी येडी नाय गो. माका तरी सांगू नको."

प्रेमा बसली. खरं बोलायची लाज तिने चार दिवस धरून ठेवली होती. ते कोणाला खरं वाटणार नाही हे तिच्या मनात आलंच नव्हतं. दशरथ खांबाजवळून उठून बाहेर गेला. त्याच्या मागोमाग तिला जाता येईना, कारण तसं केलं तर दोघांनी ठरवून केलं असं दिसलं असतं. टँकरचा विषय संपेपर्यंत ती बसून राहिली.

अक्षताने मात्र साहेबांना सगळं लिहून कळवलं, आईचं नाव घालून. "बोलले तेवढं पुरे नाही का," प्रेमाने विचारलं. "नाही," अक्षता म्हणाली. त्या दिवसापासून ती घरात कामापुरतं बोलते. चहा ठेवू का, दार लाव, एवढंच.

साहेबांनी विश्वास ठेवला की नाही ते कळलं नाही. पण दोन गोष्टी झाल्या. मशीन सोडून गेल्याबद्दल लॅबने प्रीतमचा त्या महिन्याचा अर्धा पगार कापला. आणि पुन्हा मोजायची परवानगी आली, एकदाच, गंगावणेंचं घर सोडून दुसऱ्या गच्चीवर, क्रशर चालू असताना. या वेळी लॅबचा माणूस चोवीस तास तिथेच बसणार.

प्रीतमच्या पगाराचं ऐकल्यावर प्रेमाने लाडू केले. अक्षता म्हणाली, "नेऊ नकोस." ते डब्यातच राहिले. मग दशरथ रोज ड्युटीवर जाताना दोन-दोन घेऊन जायला लागला.

मंगळवारी सकाळी टेम्पो आला. मागे ताडपत्रीखाली मशीन. प्रीतमसोबत अंथरूण आणि पाण्याची बाटली होती. ब्रेकर चालू होता. धूळ नेहमीएवढी होती, सकाळच्या उन्हात ती स्पष्ट दिसत होती.

"प्रीतम," प्रेमा पुढे झाली. "माझ्यामुळे तुला—"

"असू दे, मावशी." तो मोबाईलकडे बघत म्हणाला. "चहा नको. मी पिऊन आलोय."

अक्षताने तिला हाताने मागे हो म्हटलं. "आई, तू गल्लीच्या तोंडाशी थांब. कोणी बघितलं तर परत तेच बोलतील." प्रेमा गल्लीच्या तोंडाशी जाऊन विजेच्या खांबापाशी उभी राहिली. तिथून तिला सगळं दिसत होतं.

अक्षता आधी दादूंकडे गेली. दादू बनियनवर बाहेर आले.

"द्यायला हरकत काय, पोरी. पण आमची गच्ची गळते. त्यात एवढं वजन."

"चार माणसं उभी राहतात की सणाला."

"सणाची गोष्ट वेगळी." ते थोडे पुढे आले, आवाज खाली आणला. "हे बघ, आकडा परत कमी आला तर? दशरथचं काय झालं बघितलंस ना तू. मला विहार सांभाळायचाय."

"कमी येणार नाही, काका. समोर धूळ बघा ना."

"तेव्हा पण समोरच होती."

मग ती परबांकडे गेली. मीरा दारातच उभी होती, सगळं ऐकून.

"माका विचारू नको. घरवालो गावाक गेलो हा."

"मीराताई, सगळ्यात जास्त तुम्हीच बोलत होता."

"बोलतलंयच. म्हणान तर नको. काय चुकला तर माझ्या तोंडार हीच लोकां थुकतली." ती अक्षताच्या डोक्यावरून गल्लीच्या तोंडाकडे बघत होती, खांबापाशी. प्रेमाने नजर वळवली नाही. मीरानेच वळवली. "फोन तरी करतंय त्येंका. थांब जरा," असं म्हणून ती आत गेली.

ड्रायव्हरने गाडीचं इंजिन बंद केलं. मिथुन क्रशरच्या गेटवर खुर्ची टाकून बसला होता. त्याने प्रीतमला लांबूनच विचारलं, बसायला खुर्ची पाठवू का. प्रीतमने नको म्हणून सांगितलं. त्याने लॅबला फोन लावला. लॅबने सांगितलं, संध्याकाळपर्यंत थांब, नाहीतर जागा उपलब्ध नाही असं लिहून परत ये.

दुपारी दीडला त्याने ड्रायव्हरला जेवून यायला पाठवलं. मशीन टेम्पोतच होतं. परबांचं दार लागलेलं होतं. दादूंचं उघडं होतं, पण अक्षताने दोन हाका मारल्या तरी आतून कोणी ओ दिली नाही.